दातांच्या खुणा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजपासून पुन्हा लिहायचं ठरवलं आहे. शामकांत बोटीवर असायचा तेव्हा मी रोज लिहायचे, कारण भांडायला घरात कुणी नसायचं. आता पुन्हा तीच परिस्थिती आहे. मागच्या जूनमध्ये तो गेला तेव्हापासून आहे, पण लिहायला बसवत नव्हतं.

किमयाकडून आज अखेर काढून घेतलं, तिने पाइप कुणाला विकले ते. ऑक्टोबरात मी पुण्याला बहिणीकडे गेले होते. तेव्हा माझ्या या लेकीने मला सुखद धक्का द्यायचा म्हणून फ्लॅटला रंग काढून घेतला, आणि त्या धांदलीत हॉलमधलं काचेचं कपाटही रिकामं केलं. शामकांतचे सगळे तंबाखूचे पाइप एका खोक्यात घालून ऑनलाइन विकून टाकले. मी परत आले तर कपाटात मनी प्लांट! "आई, तूच म्हणायचीस ना, घरभर वास येतो म्हणून," एवढंच ती म्हणाली. म्हणायचे, हो. लग्न झाल्यापासून म्हणत होते. तो समोर बसलेला असायचा म्हणून म्हणत होते.

तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलते. ती इथेच सिंगापुरात, आंग मो किओला राहते; तिथून दर दोन दिवसांनी फोन करते, मी "बरी आहे" म्हणते आणि ठेवते. जुन्या वळणाच्या सासूने सुनेशी जसं वागावं तसं मी माझ्या मुलीशी वागते आहे, हे मला कळतं. पण जीभ वळत नाही.

विकत घेणारा मेलबर्नचा निघाला. जुने पाइप घाऊक घेतो, घासूनपुसून एकेक करून लिलावाच्या वेबसाइटवर चढवतो. शामकांतचे काही गेलेच असतील. जाऊ देत. मला एकच हवा आहे.

किमया जन्मली त्या वर्षी रॉटरडॅमला घेतलेला, किंचित बाक असलेला. बायपासनंतर डॉक्टरांनी तंबाखू बंद केली तरी हा त्याने सोडला नाही. रिकामाच दातांत धरून बसायचा. शब्दकोडं सोडवताना त्यातून हवा ओढायचा, बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "ती पुंगी बंद कर!" उजवीकडची दाढ तरुणपणीच काढलेली, म्हणून पाइप कायम डावीकडे. तिथे तोंडात धरायच्या काळ्या रबरी टोकावर दातांचे खड्डे पडले होते. वर दोन, खाली एक.

तो परत मिळाला की मी किमयाशी नीट बोलेन. आज लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

श्रीनिवासभाऊजींकडे चोआ चू कांगला जाऊन आले. शामकांतबरोबर एकाच कंपनीत कॅप्टन होते, आणि पाइपचं वेड त्यांनीच त्याला लावलं. म्हणजे मूळ गुन्हेगार हेच. त्यांच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये बसलो. त्यांनी टेबलावर तीन पाइप आणि एक भिंग मांडलं, जसा काही हातच बघणार आहेत माझा.

"वहिनी, पहिला नियम. आपण का घेतोय हे विकणाऱ्याला कधीही सांगायचं नाही. नवऱ्याची आठवण वगैरे म्हणालात की संपलं. भाव चढवणार, नाहीतर मित्राला बोली लावायला बसवणार."

"परक्या माणसापुढे रडगाणं गाणारी दिसते का मी?"

"नाही दिसत. म्हणून तर शिकवतोय."

मग तासभर धडा. दांडीवरचा कारखान्याचा शिक्का बघायचा. कडा पुसट असतील तर कुणीतरी मशीनवर जास्त घासलाय. तंबाखू भरायच्या वाटीची कड काळी पडली असेल तर चालेल, पण आतून लाकूड जळलेलं नको. लाकडातली भोकं बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, ती फोटोत फिकट ठिपक्यासारखी दिसते. तोंडात धरायचा काळा भाग, त्याला स्टेम म्हणतात, तो मूळचा असेल तर दांडीला असा भिडतो की नखसुद्धा अडकत नाही. बदललेला असेल तर किंमत निम्मी.

"आणि जे फोटोत दाखवलेलं नाही, ते आधी शोधायचं," भाऊजी म्हणाले.

हे मात्र मला कुणी शिकवायला नको. शिपिंग कंपनीत आयुष्यभर ऑडिट केलं. समोर मांडलेल्या फायली मी कधीच पहिल्यांदा उघडल्या नाहीत. येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, जरा हुरूप आल्यासारखं वाटलं. बऱ्याच दिवसांनी डोक्याला काम मिळालं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजींच्या आग्रहाखातर सरावासाठी एक भलताच पाइप दुसऱ्याच विक्रेत्याकडून घेतला होता. आज आला. दांडीला उभी चीर! फोटो पुन्हा उघडून पाहिले. विकणाऱ्याने पाइप हातात धरून फोटो काढला होता आणि त्याचा अंगठा नेमका त्या चिरेवर होता. इतका गोड, जाडसर, आजोबांसारखा अंगठा, आणि मी त्याच्यावर विश्वास टाकला.

भाऊजी फोनवर पोट धरून हसले. म्हणाले, "शामला सांगायला हवं होतं हे." मला ते वाक्य आवडलं नाही आणि त्यांनाही म्हणून झाल्यावर आवडलं नसावं.

किमयाचा फोन आला होता. घेतला नाही.

९ मार्च, रविवार

तो आला आहे.

सकाळी चहा घेता घेता मेलबर्नवाल्याचं पान उघडलं, तर सगळ्यात वर. मी कप खाली ठेवला तो बशीबाहेर. बाक तोच. शिक्का तोच. वाटीच्या कडेला टवका आहे. बुकित बातोकच्या या घरात राहायला आलो त्या दिवशी खिडकीच्या ग्रिलवर आपटून उडालेला. त्यावरून मी शामकांतला काय काय बोलले होते, आणि तो ग्रिलची माफी मागत होता.

आणि शेवटचा फोटो स्टेमचा. डावीकडे, वर दोन, खाली एक. मोठा करून करून पाहिला. उन्हातान्हात रबर हिरवट तपकिरी झालंय, पण खड्डे स्पष्ट आहेत. शामकांतचे दात. माणूस गेला, त्याचा चष्मा दान केला, कपडे दिले, आणि त्याचे दात मेलबर्नला कुणाच्या तरी टेबलावर पडलेत.

रडले. ऑडिटरने रडू नये, पण रडले.

लिलाव दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी संपेल. वाटलं, त्या माणसाला सरळ लिहावं, बाबा रे, माझ्या नवऱ्याचा आहे, काय हवं ते घे आणि पाठव. दोन ओळी टाइपही केल्या. मग भाऊजींचा नियम आठवला, आणि खरं सांगायचं तर नियमापेक्षा लाजच जास्त वाटली. पुसून टाकलं. रीतसर लिलावात घेईन.

१३ मार्च, गुरुवार

कुणीतरी आडवं आलं आहे. मी बोली लावली की तासाभरात तिच्यावर बोली. साइटवर पूर्ण नाव दिसत नाही, पहिलं अक्षर तेवढं 'के' आणि पुढे चांदण्या. भाऊजी म्हणतात कुणी केनेथ असेल, नाहीतर कोरियन. कोरियात संग्राहक फार झालेत म्हणे. मला तो केनेथच वाटतो. टक्कल असणार. बायको कंटाळलेली असणार.

संध्याकाळी किमयाचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर मध्येच म्हणाली, "आई, बाबांच्या त्या पाइपला दातांचे मार्क्स होते ना? लेफ्ट साइडला?"

"आता कशाला चौकशी? खोक्यात भरताना बघायचे होते."

"आय वॉज जस्ट आस्किंग. व्हाय यू लाइक दॅट, आई?" मनाला लागलं की तिचं हे 'लाह' जोडलेलं सिंगापुरी इंग्रजी बाहेर येतं.

मी म्हटलं, गॅसवर भाजी आहे. नव्हती. फोन ठेवल्यावर जरा वाईट वाटलं. पण डोकं केनेथमध्ये होतं.

१७ मार्च, सोमवार

केनेथ हटत नाही. भाऊजींना गाठायला पुन्हा चोआ चू कांग. ते सिगारेटवाल्यांसाठी आखून दिलेल्या पिवळ्या चौकोनात उभे होते, घरात बायको ओढू देत नाही. आसपासची पोरं मान खाली घालून मोबाइलमध्ये, आणि मधोमध हे पाइप घेऊन, बंदराला लागायची वाट बघत असल्यासारखे.

म्हणाले, "बोली वाढवू नका. त्याच्या मनात शंका घाला. पानावर प्रश्न विचारायची जागा असते, तिथे विचारलेलं सगळ्यांना दिसतं. खोट काढा. स्टेम मूळचा वाटत नाही म्हणा. दातांच्या खुणा फार खोल आहेत म्हणा. मुरलेले लोक असंच करतात. निम्मे घाबरून पळतात."

"पण स्टेम मूळचाच आहे."

"तुम्हाला माहीत आहे, वहिनी. त्याला कुठे माहीत आहे?"

घरी येऊन लिहिलं. ऑडिट रिपोर्ट लिहायचे त्याच भाषेत. 'स्टेम मूळचा नसून बदललेला असावा असे फोटोवरून दिसते. दातांच्या खुणा अतिशय खोल असून त्यामुळे वस्तूचे मूल्य बरेच कमी होते. कृपया खुलासा करावा.' पाठवताना शामकांतच्या दातांना नावं ठेवतो आहोत असं वाटून उगाच कपाटाकडे पाहिलं. मनी प्लांटला नवं पान आलंय.

१९ मार्च, बुधवार

विक्रेत्याचं उत्तर आलं. भला माणूस दिसतो. लिहितो, हा पाइप मी एका मोठ्या खोक्यातून घेतला, त्यामुळे स्टेम मूळचा आहे की नाही हे छातीठोक सांगू शकत नाही. खुणा खोल आहेत हे कबूल. ज्यांना काळजी वाटत असेल त्यांनी निश्चिंत राहावं, मी कुणालाही निराश करत नाही.

आणि केनेथ गप्प! काल रात्रीपासून एक बोली नाही. भाऊजींना कळवलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोटीवर असायला हवं होतं."

आनंद झाला, अगदी खुनशी आनंद. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भाजी चवीने खाल्ली.

२३ मार्च, रविवार

मिळाला.

शेवटच्या मिनिटाला बोली लावायची म्हणून सकाळपासून फॅनखाली बसून होते. कुणी आलंच नाही. समोर चिटपाखरू नाही. केनेथ बिचारा खरंच पळाला. विक्रेत्याचा लगेच निरोप, पार्सल चांगलं बांधून पाठवतो, थोडे दिवस द्या.

मोठ्याने म्हटलं, "मिळाला रे." घर तसंच शांत. त्या पुंगीशिवाय हे घर किती शांत असतं हे मी कुणाला सांगू? शेजारच्या टॅन आजींचा टीव्ही तेवढा भिंतीतून ऐकू येतो, तो आवाज मी मुद्दाम ऐकत बसते.

३० मार्च, रविवार

पाडवा. किमयाने बोलावलं होतं. दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा जावईबापूंकडून, तन्मयकडून, फोन करवला. "आई, श्रीखंड घरी केलंय, या ना." मी पाय दुखतात म्हटलं. दुखतातही. पण खरं कारण असं की हातात पाइप घेऊन जायचं मी मनात धरलं आहे. रिकाम्या हाताने गेले तर पुन्हा तीच तोंड पाडून बसणारी आई होईन. पाइप आला की तिच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, हे बघ, मिळाला, झालं गेलं सोडून दे. वाक्य पाठ केलंय.

खिडकीत छोटी गुढी उभारली. गाठी मुस्तफा सेंटरजवळच्या दुकानातून आणली होती, उन्हाने चिकट झाली. संध्याकाळी उतरवताना किमया लहानपणी ती गाठी कशी लपवून खायची ते आठवलं. फोन उचलला होता. मग म्हटलं, आठवड्याचा तर प्रश्न आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

पार्सल आलं.

लिहायला सुरुवात करून दोनदा पेन ठेवलं. लिहितेच.

खोकं सुरेख बांधलेलं. आत मऊ कापडाची पिशवी, तिच्यात पाइप. नवा कोरा. लाकडाला मेणाची झिलई, स्टेम काळा कुळकुळीत, खिडकी दिसेल इतका चकचकीत. मला आधी वाटलं चुकून दुसराच पाठवला. मग वाटीच्या कडेचा टवका दिसला. शिक्काही तोच.

स्टेमवर अंगठा फिरवला. वर, खाली, डावीकडे. काही नाही. गुळगुळीत.

सोबत चिठ्ठी, हाताने लिहिलेली. 'तुम्हाला खुणांची काळजी वाटत होती, म्हणून पाठवण्याआधी दोन संध्याकाळी बसून सगळ्या काढून टाकल्या. रबर तापवलं की दाबलेली जागा वर येते, राहिलेलं घासून घेतलं. आता दातांचा मागमूसही सापडणार नाही. याचे वेगळे पैसे नाहीत. स्टेम मूळचाच आहे, काम करताना खात्री पटली. आनंदाने वापरा.'

त्याचा काय दोष? ग्राहकाने तक्रार केली, त्याने निवारण केलं. माझ्याच भाषेत सांगायचं तर आक्षेपाची पूर्तता झाली.

भाऊजींना फोन केला. त्यांना आधी कळेचना. "अहो, मग उत्तमच की, नव्यासारखा झाला..." आणि मग थांबले. म्हणाले, "वहिनी, मी मूर्ख आहे." मी म्हटलं, टाइप मी केलं होतं.

पाइप पिशवीत घालून कपाटात ठेवला, मनी प्लांटच्या मागे. जेवले नाही.

६ एप्रिल, रविवार

किमया आली. न सांगता. हातात श्रीखंडाचा डबा, पाडव्याचा, माझ्या वाटणीचा फ्रीझरमध्ये ठेवलेला. आल्या आल्या फ्रिज उघडून काय आहे काय नाही ते बघितलं, मग सोफ्यावर बसली आणि चप्पल काढायची विसरली आहे हे लक्षात येऊन पुन्हा उठली. ती घाबरली होती. माझी मुलगी मला घाबरत होती.

म्हणाली, "आई, मला एक सांगायचंय. मी बाबांचा तो पाइप परत घ्यायचा ट्राय केला. तुझ्या बर्थडेला द्यायचा होता. त्या मेलबर्नच्या अंकलच्या पेजवर होता, ऑक्शनला."

मी तिच्या हातातून डबा घेऊन टेबलावर ठेवला.

"मी बिड करत होते, रोज. आणि कुणीतरी सारखं वरती जायचं. देन सम फेलो आला, त्याने लिहिलं की स्टेम ओरिजिनल नाही, चेंज केलाय. अंकलपण म्हणाले शुअर नाही. मला वाटलं, मग ते दातांचे मार्क्स दुसऱ्याच कुणाचे असणार. तुला कुणा दुसऱ्याच माणसाचे दात कसे देऊ? सो आय स्टॉप्ड." तिने ओठ चावला. अगदी शामकांतसारखा, डावीकडे. "सॉरी, आई. मी ते विकायला नको होते. तू वासाचं म्हणायचीस, आणि मला ते शेल्फ बघवत नव्हतं. म्हणून काढले. माझ्यासाठी काढले, लाह. तुझ्यासाठी म्हणून सांगितलं."

केनेथ. टक्कल असलेला.

मी उठले आणि कपाटातून पिशवी आणली. तिने पाइप बाहेर काढला. तो कुणाचा हे मी सांगितलं नव्हतं. तिने न बघता, बघायची गरजच नसल्यासारखा, अंगठा स्टेमच्या डाव्या बाजूला ठेवला. तिथे थोडा फिरवला. मग मान हलवली.

"हा बाबांचा नाही, आई. ते बुटाची लेस बांधायला वाकायचे ना, तेव्हा माझ्याकडे धरायला द्यायचे. माझा थंब बरोबर तिथे बसायचा. याला नाहीये."

इतके महिने मी हिला म्हणत होते की तू न बघता खोकं भरलंस.

वाटलं, हो म्हणावं. नाही त्यांचा, असाच एक घेतला म्हणावं. विषय संपेल, डबा उघडू, श्रीखंड खाऊ. तोंडाशी आलंही. पण मग ती आयुष्यभर त्या अनोळखी माणसावर चिडत राहील, आणि मी तिच्यासमोर बसून श्रीखंड खात राहीन. तिचं बोट धरून मी वाटीच्या कडेवरच्या टवक्यावर नेलं. ग्रिलचा टवका तिला माहीत आहे, तिच्यासमोरच आपटला होता. मग विक्रेत्याची चिठ्ठी दिली. आणि सांगितलं, ते पानावर लिहिणारी मी.

चिठ्ठी तिने दोनदा वाचली.

"सो इट वॉज यू," ती म्हणाली. "मी त्या फेलोला इतकी शिवी दिली, आई." हसायला गेली आणि तिचा चेहरा मोडला. मी तिला जवळ घेतलं. केवढी हाडकुळी झाली आहे. ती जानेवारीतही अशीच असणार, फेब्रुवारीतही. आणि मी पाइपच्या फोटोंत लांबीचे ठिपके शोधत होते.

पाठ केलेलं वाक्य काही म्हणता आलं नाही. ते पाइप मिळाल्यावर म्हणायचं होतं.

जायच्या आधी तिने फोन काढला. बोली लावायची म्हणून तिने पानावरचे फोटो साठवून ठेवले होते. साइटवरून आता ते गेलेत. शेवटचा फोटो तिने मला पाठवला. हिरवट तपकिरी स्टेम, वर दोन, खाली एक. तिच्या फोनवर तिने तो इतका मोठा केला होता की बाकी काहीच दिसत नव्हतं.

ती लिफ्टपर्यंत गेली आणि पुन्हा आली. म्हणाली, पुढच्या रविवारी तू ये. मी हो म्हटलं. येताना पाइप आणू का विचारलं, तर म्हणाली, "नको, आई. तो इथेच असू दे."

आता तो टेबलावर आहे. मघाशी तोंडात धरून हवा ओढून पाहिली. शिट्टी वाजते, अगदी तशीच. पण दातांना कुठे बसायचं ते कळत नाही. त्याने इतक्या वर्षांत करून ठेवलेली जागा गेली. आता तो कुणाच्याही तोंडात बसेल.